अंतःशुद्धी आणि पंगतीची कसोटी

परतूरहून रेल्वेने जालन्याकडे जाताना, ख्रिस्ती धर्मप्रसाराचा एक महत्त्वाचा अध्याय आपल्या शेजारीच घडला याची आठवण फारच थोड्यांना होत असेल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत स्थापन केली. तेथे आश्रयास आलेल्यांत महार-मांग समाजाचे लोक मोठ्या संख्येने होते. या वसाहतीने ज्या ग्रंथावर श्रद्धा ठेवली त्यातील मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायाची येथे धम्मदृष्टीने चिकित्सा करण्याचा आमचा मानस आहे.

अध्यायाचा प्रारंभ एका आक्षेपाने होतो. येशूचे शिष्य हात न धुता जेवतात, पूर्वजांची रूढी मोडतात, अशी परुशी व शास्त्री यांची तक्रार असते. येशू त्यांनाच उलट जाब विचारतो. आईबापांच्या पोषणासाठी द्यावयाचे धन देवाला अर्पण केल्याचे सांगून कर्तव्य टाळणारे तुम्ही कोणत्या तोंडाने शुद्धीची भाषा करता, असा त्याच्या बोलण्याचा रोख आहे. माणूस खाल्लेल्या अन्नाने विटाळत नाही. हत्या, चोरी, व्यभिचार, खोटी साक्ष, निंदा हे जे अंतःकरणातून निघते त्याने विटाळतो, असे तो सांगतो.

या शिकवणीचे सामर्थ्य महाराष्ट्रात कशाशी भिडले हे पाहावयाचे तर शेषाद्रींच्याच घराकडे वळावे लागते. नारायण यांनी १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपाद अल्पवयीन होता. तो मिशनऱ्यांकडे राहिला होता, परंतु त्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. न्यायालयाने त्यास वडिलांच्या स्वाधीन केले. पुढे वाद पेटला तो त्याच्या श्रद्धेवरून पेटला नाही. ख्रिस्त्यांच्या घरचे अन्न त्याच्या पोटात गेले होते, हाच त्याचा अपराध ठरला. बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन त्यास जातीत घेण्याचा पुरस्कार केला, तेव्हा सनातन्यांनी त्यांच्याविरुद्धही काहूर उठविले. मुलाच्या मनात काय आहे, हा प्रश्न गौण राहिला.

बौद्ध वाचकास येथे सुत्तनिपातातील आमगंध सुत्ताचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. मांसाहार हाच आमगंध, म्हणजे अपवित्रता, या आक्षेपास कश्यप बुद्ध उत्तर देतात. प्राणिहिंसा, मारझोड, चोरी, असत्य, वंचना, क्रोध, मद, मत्सर हा खरा आमगंध होय. जटा, मुंडन, यज्ञयाग यांनी तो धुतला जात नाही, असे त्यांचे प्रतिपादन आहे. दोन्ही ग्रंथांतील दोषांच्या यादीचा बराच भाग दुसऱ्या माणसाशी केलेल्या वर्तनाचा आहे, हे साम्य आम्हांस विशेष महत्त्वाचे वाटते.

परंतु मत्तयाचा तोच अध्याय पुढे एक कठीण प्रसंग सांगतो. एक कनानी, म्हणजे परकीय, स्त्री आपल्या आजारी मुलीसाठी येशूच्या पाया पडते. मुलांची भाकर कुत्र्यांना घालणे योग्य नाही, अशा आशयाचे उत्तर तिला मिळते. मेजाखाली पडलेले तुकडे तरी कुत्र्यांना मिळतात, असे ती म्हणते. तेव्हा तिच्या श्रद्धेची प्रशंसा होऊन मुलगी बरी होते. भाष्यकार या प्रसंगात श्रद्धेची परीक्षा पाहतात. उष्ट्या तुकड्यांवर जगविल्या गेलेल्या समाजाच्या वंशजांस तो इतक्या सहजतेने वाचता येत नाही. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी उष्टे खाणे सोडण्याचे आवाहन केले. त्याच महाडात अस्पृश्यांनी पाणी घेतलेल्या तळ्याची सनातन्यांनी गोमूत्र-शेण घालून शुद्धी केली. आपल्या हिश्शासाठी विनवणी करावी लागणे, यातच विषमता शिल्लक राहते.

ख्रिस्ती शिकवणीत अंतःकरणाचा साक्षी देव आहे. गुप्तपणे केलेले दान व प्रार्थना तोच पाहतो. दांभिकतेवर हा प्रभावी उपाय आहे, हे आम्ही मान्य करतो. मात्र मन शुद्ध आहे एवढे म्हणून जातीचा व्यवहार चालू ठेवण्यास त्यात वाव राहतो. ख्रिस्ती झालेल्यांतही जातिभेद टिकून राहिल्याची चिकित्सा बाबासाहेबांनी सविस्तर केली असून, ते लेखन शासनाने १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी ग्रंथमालेच्या पाचव्या खंडात आले आहे. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात ते सांगतात की, एकट्या माणसास धम्माची गरज नसते. दोन माणसांचा संबंध आला की ती उत्पन्न होते. या न्यायाने मनाच्या शुद्धीचा साक्षी समोरचा माणूस ठरतो.

हीच कसोटी आम्हांसही लागू आहे. शुभ्र वस्त्रे, त्रिशरण व पंचशील यांचे पठण ही आमची बाह्य आचरणे होत. पोटजात पाहून सोयरीक ठरविणाऱ्या, किंवा मातंग बांधवास पंगतीत दूर बसविणाऱ्या घरात ती आचरणे हात धुण्यापलीकडे जात नाहीत. वर्षावासाच्या वाचनात विहारांनी आमगंध सुत्त आणि मत्तयाचा हा अध्याय एकत्र वाचावेत, आणि आपल्या गावची पंगत व सोयरीक समोर ठेवून त्यांची चर्चा करावी, असे आम्ही सुचवितो.