याब्लोनेत्सचे मणी आणि बिननावाचे हात

चेक काचमण्यांची चर्चा हल्ली बहुतेकदा एकसारखेपणापाशीच थांबते. दाणे मापाला नेमके आहेत का, भोक मधोमध आहे का, दोन लडींचा रंग जुळतो का? या कसोटीवर मियुकी आणि तोहो हे जपानी कारखाने पुढे आहेत, यात वाद नाही. पण उत्तर बोहेमियातल्या याब्लोनेत्स परिसराला केवळ बारीक दाण्यांवरून जोखणे अन्यायाचे आहे. तिथली अस्सल कला दाबीव मण्यात आहे, आणि ती अडचणीत आहे.

दाबीव मणी होतो कसा? रंगीत काचेची कांडी भट्टीत धरायची. टोक मऊ पडून झुकू लागले की ते साच्याच्या चिमट्यात घालून दाबायचे. त्याच दाबात सुई आत शिरते आणि भोक पडते. साच्यातून मणी निघतो तो कडेला काचेचा पातळ पापुद्रा घेऊनच. गार झाल्यावर पिंपात घोळवून तो झाडतात. पैलू हवे असतील तर पुढचे काम चाकावर. घासलेली काच धूसर होते, म्हणून मणी पुन्हा भट्टीतून नेतात. वरचा थर जेमतेम वितळतो, झिलई येते आणि पैलूंच्या कडा किंचित गोलावतात. यंत्रात कापलेल्या स्फटिकाचा प्रकाश टोचतो. या मण्याचा प्रकाश आतून आल्यासारखा वाटतो. हा सौम्यपणा आगीने दिलेला आहे. त्याला सदोष कापणी म्हणणाऱ्याने मणी नीट पाहिलेलाच नाही.

इझेरा डोंगररांगेत भट्टीला लाकूड होते आणि चाके फिरवायला ओढ्यांचे पाणी. अठराव्या शतकात मण्यांचा धंदा इथे रुजला. काचेच्या कांड्या मोठ्या भट्ट्यांत ओढल्या जात. दाबणे, घासणे, ओवणे ही कामे गावागावांतल्या घरांत चालत. रीडेल घराण्याच्या भट्ट्यांनी 1830 नंतरच्या दशकात युरेनियम मिसळून पिवळी-हिरवी काच काढली आणि रंगांची भूक वाढवली. मण्यांच्या बाजारातली व्हेनिसची मक्तेदारी मोडली ती मात्र ऐकण्याच्या सवयीने. याब्लोनेत्सच्या व्यापाऱ्यांचे नमुनेवाले देशोदेशी फिरत, कुठे काय घालतात ते पाहत, आणि साचे त्याबरहुकूम कोरले जात.

याचे एक उदाहरण आपल्या शेजारच्या खंभातशी जोडलेले आहे. सहारात तलहाकिम्त नावाचे त्रिकोणी पदक घालतात. आधी ते खंभातच्या अकीकातून घडत असे, मग जर्मनीतल्या इडार-ओबरस्टाइनमध्ये, आणि शेवटी बोहेमियाने तेच काचेत दाबून स्वस्तात दिले. हे कसब आहेच, पण त्यात दुसऱ्या कारागिराची भाकरी हिसकावणेही आहे. वसाहतींच्या व्यापारात मण्यांच्या बदल्यात काय काय उचलले गेले, ते विसरून मण्यांचा इतिहास लिहिता येत नाही. आपल्याकडेही पहिल्या महायुद्धापूर्वी काचेच्या बांगड्या आणि मणी मुख्यतः ऑस्ट्रिया-हंगेरीतून येत; बोहेमिया तेव्हा त्याच साम्राज्यात होता. तळेगावचा पैसा फंड काच कारखाना 1908 मध्ये उभा राहिला तो अशा परदेशी काचेच्या काळात.

दुसरीकडे, घेणाऱ्यांनी या मण्यांचे जे केले ते अपूर्व आहे. झुलू आणि एन्देबेले स्त्रियांनी त्यातून रंगांची स्वतःची भाषा उभी केली, मसाईंनी गळाभर चकत्या विणल्या, उत्तर अमेरिकेतल्या मैदानी जमातींनी चामड्यावर रांगा टाचल्या. तिथल्या कलावंतांना आता कुठे संग्रहालयांत जागा मिळते आहे. मणी दाबणाऱ्याला तीही नाही.

1945 नंतर तर हे हातच तुटले. बोहेमियातल्या जर्मनभाषकांची हकालपट्टी झाली आणि कारागीर घरदार सोडून सीमेपार गेले. बव्हेरियात काउफबॉयरनजवळ, स्फोटकांच्या बंद कारखान्याच्या जागेवर, त्यांनी नॉयगाब्लोन्झ वसवले. मागे राहिलेला उद्योग सरकारी झाला आणि निर्यात याब्लोनेक्स या एका नावाखाली आली. तेही 2009 च्या सुमारास मोडले. बारीक दाण्यांचे उत्पादन प्रेसिओसा या चेक कंपनीकडे गेले.

आजचा नवा उत्साह दोन भोकांच्या मण्यांचा आहे. सुपरड्युओसारख्या आकारांनी विणकाम करणाऱ्यांना खरोखर नवी रचना दिली, हे नाकारता येणार नाही. पण बाजार लगेच पुढचा आकार मागतो आणि नमुना हातात मुरण्याआधीच जुना होतो. त्यावर चढणाऱ्या धातूच्या झिलयांनी तर काचच झाकली जाते. ज्या मण्याची थोरवी काचेच्या पारदर्शकतेत आहे, त्याला पत्र्याचा रंग देणे मला पटत नाही.

युनेस्कोच्या यादीत 2020 मध्ये इटली-फ्रान्सची ज्योतीवरच्या मण्यांची कला आली, आणि त्याच वर्षी फुगवलेल्या काचमण्यांपासून नाताळची सजावट करण्याचे पोनिक्ला या चेक गावातले कसबही आले. दाबीव मण्याचा स्वतंत्र उल्लेख तिथे नाही. याब्लोनेत्सच्या संग्रहालयात नमुनापत्रे जपली आहेत. त्यासोबत कांडी किती तापवायची, कुठल्या रंगाची काच कधी दगा देते, हे दाबणाऱ्यांच्या तोंडून नोंदवून घेतले पाहिजे. 2022 मध्ये गॅसचे दर भडकले तेव्हा भट्टी पेटती ठेवणेच जड झाले. मोठा कारखाना असा फटका सोसून पुन्हा उभा राहू शकतो. दोन माणसांची दाबशाळा एकदा बंद झाली की साचे भंगारात जातात आणि ते वापरणारा माणूस दुसऱ्या नोकरीला लागतो.