मागच्या रांगेची कला : बालाघाटातील सामूहिक कथनाची सद्यःस्थिती

बीड जिल्ह्यातून जाणारी बालाघाटाची रांग आणि तिच्या पश्चिमेचा गर्भगिरीचा प्रदेश यांतील डोंगर उंचीने फारसे मोठे नसले, तरी त्यांतील कितीतरी माथ्यांना एखादे दैवत, एखादा नाथ किंवा एखादा संत आणि त्याची कथा जोडलेली आहे. ही कथा एकट्या कलावंताच्या मालकीची कधीच नव्हती. ती सांगणारा, तिला झील देणारा, वाद्य धरणारा आणि प्रसंगी श्रोत्यांतून उठून पुढचा चरण उचलणारा असे अनेक जण मिळून ती उभी करीत आले आहेत. या कलेच्या आजच्या अवस्थेबद्दल बोलताना ‘लोप पावत चालली आहे’ हे ठरीव वाक्य पुरेसे नाही, कारण प्रयोगांची वाण मुळीच नाही. वाण आहे ती प्रयोगातील भागीदारीची.

अंबाजोगाईचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. योगेश्वरी देवीचा विवाह परळीच्या वैजनाथाशी ठरला, वऱ्हाड निघाले, परंतु मुहूर्त टळला आणि सारे जिथल्या तिथे दगड झाले, अशी दंतकथा येथे सांगितली जाते. मुहूर्त का टळला याची उत्तरे सांगणाऱ्यागणिक बदलतात. गावालगतच्या खडकात कोरलेली, हत्तीखाना या नावाने ओळखली जाणारी शैव लेणी म्हणजेच ते थिजलेले वऱ्हाड, असे लोकमानस मानते. लेण्याच्या अंगणातील नंदीमंडप आणि दगडी हत्ती कोणी घडवले ते कारागीर अनामच राहिले. त्यांचे काम पुढील पिढ्यांनी आपल्या कथेत सामावून घेतले आणि शिल्पाला एक दुसरे, मौखिक आयुष्य मिळाले. योगेश्वरी ही दूरच्या कोकणस्थ कुटुंबांचीही कुलदेवता असल्याने ही कथा घाट उतरून कोकणातही गेली. मार्गशीर्षातील उत्सवात देवळात आराधनेला बसणाऱ्या स्त्रिया हे कथन गीतांमधून चालवतात, मात्र त्याची दखल लेण्यांवरील लेखनात सहसा घेतली जात नाही. हा अभ्यासकांचा दोष मानला पाहिजे.

पश्चिमेकडे आष्टी तालुक्यातील सावरगावाजवळ मच्छिंद्रनाथांचे, पाटोदा तालुक्यातील चिंचोलीला गहिनीनाथांचे आणि सीमेपलीकडे पाथर्डी तालुक्यातील मढीला कानिफनाथांचे समाधिस्थान मानले जाते. मच्छिंद्रनाथांनी जपलेली सोन्याची वीट गोरखनाथांनी फेकून दिली आणि गुरूचा मोह जावा म्हणून अवघा पर्वतच सोन्याचा केला, ही कथा या डोंगरांच्या नावाने सांगितली जाते. धुंडीसुत मालू यांच्या चाळीस अध्यायांच्या ‘नवनाथ भक्तिसार’ या ग्रंथाने (शके १७४१, इ. स. १८१९) अशा कथांना ओवीबद्ध, स्थिर रूप दिले. या स्थैर्याची किंमतही मोजावी लागली: पारायणात, म्हणजे ठरलेल्या दिवसांत ग्रंथ आद्यंत वाचण्याच्या विधीत, शब्द बदलण्याची मुभा नसते आणि एकेका वाडीने जपलेले पाठभेद बाजूला पडतात.

या प्रदेशातील सर्वांत जिवंत सामूहिक कला शोधायची तर ती अखंड हरिनाम सप्ताहात सापडते. येथे ‘गड’ म्हणजे किल्ला नसून डोंगरावरील मठ. नारायणगड, गहिनीनाथगड आणि जिल्ह्याच्या सीमेवरील भगवानगड ही त्यांतील प्रमुख नावे. भगवानगडाचे संस्थापक संत भगवानबाबा (१८९६–१९६५) यांच्या नावाशी निगडित असलेला नारळी सप्ताह दरवर्षी नव्या गावी भरतो आणि पुढील यजमान गावाला नारळ देऊन त्याची जबाबदारी सोपवली जाते. पहाटेचा काकडा, दिवसा ज्ञानेश्वरीचे पारायण व गाथाभजन, सायंकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि त्यानंतर जागर असा हा क्रम असतो. सातही दिवस वीणा खाली ठेवायची नाही, या नियमामुळे गावकऱ्यांना पाळीपाळीने पहारा द्यावा लागतो. ज्याला गाता येत नाही तोही वीणा गळ्यात घालून तासभर उभा राहतो आणि प्रयोगाचा भाग होतो.

कीर्तनाची घडणही अशीच आहे. कीर्तनकार पुढे उभा असला तरी त्याच्यामागे टाळकऱ्यांची रांग, एका बाजूला मृदंगी आणि चाल धरणारे गायक असतात. निरूपणाच्या ओघात त्याने एखाद्या अभंगाचा पहिला शब्द उच्चारला की मागचे गायक अख्खा चरण उचलतात, यालाच प्रमाण म्हणतात, आणि तेवढ्या वेळात कीर्तनकार श्वास घेऊन पुढचा मुद्दा जुळवतो. मिलमन पॅरी आणि अल्बर्ट लॉर्ड यांनी १९३० च्या दशकात युगोस्लाव्हियातील वीरगीते गाणाऱ्यांचा अभ्यास करून दाखवले की मौखिक कवी ठरीव पदबंधांच्या आधारे गाता-गाताच रचना करतो. तेथे मात्र हा साठा एका गायकाच्या स्मरणात असतो, तर बालाघाटातील कीर्तनात तो दहा-पंधरा जणांत वाटलेला असतो. एकाची आठवण अडली तर दुसरा सावरतो, आणि पुढच्याने चुकीचे प्रमाण घेतले तर मागची रांग ते त्याच्या लक्षातही आणून देते.

ध्वनिक्षेपक आणि भ्रमणध्वनीवरील चित्रफिती यांनी नेमका हा तोल बिघडवला आहे. कॅमेरा कीर्तनकाराच्या चेहऱ्यावर स्थिरावतो. कापून पसरवला जातो तो विनोद किंवा एखादी झणझणीत कानउघाडणी. प्रमाणाचा भाग लांबण वाटून वगळला जातो. मोठ्या मानधनाचा कीर्तनकार आपले गायक-वादक सोबत घेऊन येतो, त्यामुळे गावचे टाळकरी केवळ शोभेपुरते उरतात. जोग महाराजांनी १९१७ मध्ये आळंदीला स्थापन केलेली वारकरी शिक्षण संस्था आणि तिच्या धर्तीवरील पाठशाळा यांमुळे पाठांतराचा दर्जा टिकला, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु तयार होणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांची दृष्टी पुढच्या जागेवर असते, मागच्या रांगेवर नसते.

ऊसतोडीच्या स्थलांतराचाही येथे विचार करावा लागतो. दसरा-दिवाळीनंतर उचल, म्हणजे मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम, फेडण्यासाठी हजारो जोडपी कारखान्यांकडे जातात आणि ती परततात उन्हाळ्याच्या तोंडावर; मधल्या काळात अनेक वाड्यांत म्हातारे आणि मुलेच उरतात, मग पहाऱ्याला माणसे आणायची कुठून? गोंधळाची स्थिती याहून नाजूक आहे. ऊस किंवा ज्वारीच्या पाच धाटांखाली चौक मांडून, दिवटी पेटवून, संबळ-तुणतुण्याच्या साथीने देवदेवतांना नावानिशी आमंत्रण द्यायचे आणि मग झीलकऱ्याच्या शंकांना उत्तरे देत आख्यान रंगवायचे, हा रात्रभराचा विधी आता पुष्कळदा लग्नाच्या धावपळीत तास-दोन तासांत उरकला जातो. आमंत्रणाची यादी शिल्लक राहते, आख्यान गळते. यजमानाला तक्रार नसते, कारण कुळाचार पार पडलेला असतो.

स्त्रियांच्या जात्यावरील ओव्यांना गिरणीने कामच ठेवले नाही. गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर यांनी उभारलेल्या संग्रहात महाराष्ट्रातील एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या आहेत आणि त्यांत माजलगावच्या भीमनगरात १९९६ मध्ये ध्वनिमुद्रित केलेल्या ओव्याही आहेत. पुराणातील देवांच्या जागी तेथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि बुद्ध येतात; चाल, यमक आणि नात्यातल्या माणसाला हाक मारण्याची रीत मात्र जात्यावरचीच राहते. दैवते बदलली तरी दोघींनी मिळून गाण्याचा साचा मोडला नाही, यावरून या कलेचा आधार पुराणकथेपेक्षा खुंट्याला लागलेल्या दुसऱ्या हाताचा होता असे म्हणता येते. ध्वनिमुद्रणाने आवाज जपला आहे, आणि तो जपलाच पाहिजे होता. परंतु एकीने ओवी सोडल्यावर ती उचलून पुढे नेणारी दुसरी मिळावी अशी व्यवस्था कोणत्याही संग्रहात करता येत नाही, आणि बीडच्या डोंगरांतील सप्ताह, गोंधळ व ओवी या तिन्हींची आजची अडचण इथेच येऊन थांबते.