स्वस्त संच आणि चौंडक्याचा आवाज

संगणकावर ध्वनिमुद्रण करताना मुख्य सॉफ्टवेअरला जोडून चालणारा, एखाद्या वाद्याचा आवाज पुरवणारा किंवा मुद्रित आवाजावर संस्कार करणारा छोटा प्रोग्रॅम म्हणजे प्लगइन. स्टाइनबर्ग या जर्मन कंपनीने १९९६ मध्ये व्हीएसटी ही जोडणीची पद्धत आणली आणि ती इतरांनाही खुली केली, तेव्हा दोन-चार माणसांच्या चमूलाही स्वतःचे प्लगइन घडवून जगभर विकणे शक्य झाले. ही कला आज संकटात आहे, आणि त्याचे मोठे कारण संचविक्रीत, म्हणजे अनेक प्लगइन मुख्य सॉफ्टवेअरसोबतच देऊन टाकण्याच्या पद्धतीत आहे.

ॲपलने २००२ मध्ये एमॅजिक ही कंपनी विकत घेतली आणि २००४ मध्ये तिची पूर्वी सुटी विकली जाणारी वीसहून अधिक उत्पादने लॉजिक प्रो या एकाच संचात ९९९ डॉलरला आणली; हीच किंमत २००७ मध्ये ४९९ आणि २०११ च्या अखेरीस सुमारे २०० डॉलरवर आली. ॲपलची कमाई यंत्राच्या विक्रीतून होत असल्याने तिला हे परवडते, परंतु ज्याच्याकडे विकायला प्लगइनखेरीज दुसरे काही नाही, त्याला त्या भावाशी झुंजता येत नाही. कॅमल ऑडिओ या ब्रिटिश कंपनीचे अल्केमी हे नावाजलेले वाद्य २०१५ मध्ये ॲपलकडे जाऊन लॉजिकमध्ये विनामूल्य मिळू लागले, पण विंडोजवर काम करणाऱ्यांसाठी त्याची वाढ तिथेच थांबली. वेव्हज या मोठ्या कंपनीनेही वर्षानुवर्षे सवलतींचा मारा केल्यानंतर मार्च २०२३ मध्ये कायमच्या परवान्यांची विक्री बंद करून केवळ वर्गणी घेण्याचे ठरवले, आणि ग्राहकांच्या संतापामुळे काही दिवसांतच ते मागे घेतले. भाव पाडून मिळवलेला ग्राहक पुढे भाडेकरू करावा लागतो, हे त्यातून उघड झाले.

बेळगावच्या शिवजयंतीतील चित्ररथांना लागणारे संवाद आणि पार्श्वसंगीत आज खडेबाजार परिसरातल्या एखाद्या खोलीतही एका लॅपटॉपवर तयार होऊ शकते, हे या स्वस्ताईचे देणे आहे आणि ते नाकारणे अन्यायाचे ठरेल. मात्र जागतिक संचात जे नाही, ते या भागाच्या संगीताचे मर्म आहे. सौंदत्तीच्या यल्लमाच्या जोगत्यांचे चौंडके घ्यावे: पोकळ नळकांड्याच्या तळाच्या चामड्याला बांधलेली एकच तार ताणत-सैल करत छेडली जाते, त्यामुळे स्वर पट्टीच्या ठरलेल्या जागी न थांबता सतत सरकत राहतो. असे वाद्य संगणकात आणायचे तर सुटे स्वर मुद्रित करून भागत नाही. ताण, आघात आणि त्यांतील दुवे यांची शेकडो रूपे टिपावी लागतात, आणि वाद्य जाणणारा वादक व संगणक जाणणारा कारागीर यांना महिनोन्महिने एकत्र बसावे लागते. मिरजेच्या तानपुऱ्याची जवारी, म्हणजे घोडीवर दोरा सरकवून साधला जाणारा तारेचा झणत्कार, हीही अशीच अवघड बाब आहे. एवढ्या कष्टांसाठी ग्राहकसंख्या मात्र मोजकी, म्हणून मोठ्या कंपनीला त्यात रस घेण्याचे व्यापारी कारण नाही, आणि ज्या छोट्या निर्मात्याला तो असतो, त्याच्या मालाची किंमत फुकटच्या संचाशी तुलना करून महाग ठरवली जाते. चोरीच्या प्रतींनी त्याचे उरलेसुरले उत्पन्नही जाते.

बेळगाव-निपाणीच्या ध्वनिमुद्रकांनी गिटार आणि पियानो खुशाल संचातले वापरावेत. पण आपल्या मातीतले वाद्य कोणी कष्टाने घडवून विकायला आणले, तर त्याची रास्त किंमत मोजावी आणि मूळ प्रतच घ्यावी.