रुपया हलका होतो तेव्हा : ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ पुन्हा वाचताना

(कोन, पनवेल येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



विषयाचं नाव ऐकून काही जण मघाशी दारातूनच परत फिरणार होते, ते थांबले, त्यांचे विशेष आभार. (हशा) सार्वजनिक कर्ज आणि चलन म्हटलं की आपल्याला वाटतं, हा अर्थमंत्र्यांचा आणि मिंट रोडवरच्या रिझर्व्ह बँकेचा मामला, आपला काय संबंध? पण २०१६ साली म्हाडानं सोडत काढली आणि इथल्या कोनच्या इमारतींमधली घरं गिरणी कामगारांच्या वाट्याला आली. त्या गिरण्यांच्या मजुरीचा आणि रुपयाच्या भावाचा शंभर वर्षांपूर्वी थेट झगडा झालेला आहे. तेव्हा हा विषय इथे बोलायचा नाही तर कुठे बोलायचा?

पुस्तक बाबासाहेबांचं आहे. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’, १९२३ साली लंडनला प्रसिद्ध झालं. डॉक्टर ऑफ सायन्स या पदवीसाठीचा हा प्रबंध. प्रस्तावना त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांची, आणि गंमत म्हणजे प्रस्तावनेतच कॅनन सांगतात की लेखकाच्या काही युक्तिवादांशी मी सहमत नाही. आजकाल अशी प्रस्तावना कुणी छापून घेईल का?

आता आपल्याकडे या पुस्तकाचं काय झालंय? दर १४ एप्रिलला आपण ऐकतो की रिझर्व्ह बँकेची स्थापना बाबासाहेबांच्या या ग्रंथामुळे झाली. हिल्टन यंग आयोगाच्या प्रत्येक सदस्याच्या हातात हे पुस्तक होतं, असंही सांगतात. टाळ्या पडतात, आणि पुस्तक परत कपाटात जातं. मला या गोष्टीचा राग येतो, तो वेगळ्या कारणानं. आयोगानं मध्यवर्ती बँकेची शिफारस केली हे खरं. १९३४ चा कायदा झाला, १ एप्रिल १९३५ ला बँक सुरू झाली, हेही खरं. पण बाबासाहेबांनी मागितलं होतं ते बरंच वेगळं होतं. ते म्हणत होते, रुपये पाडण्याची टांकसाळ बंद करा, जनतेला जशी १८९३ पासून बंद आहे तशी सरकारलाही बंद करा. सोन्याचं नाणं पाडा. रुपया आणि ते नाणं यांचं प्रमाण कायद्यानं ठरवा आणि दोन्ही चालू द्या. आयोगानं सोन्याचं नाणं नाकारलं, सोन्याच्या लगडीवर आधारलेली व्यवस्था सुचवली. म्हणजे ज्या आयोगानं त्यांचं मुख्य मागणं बाजूला ठेवलं, त्याच आयोगाच्या यशाचे आपण त्यांना मानकरी ठरवतो. हा गौरव नव्हे, न वाचण्याची सोय आहे.

मग पुस्तकात आहे काय? एका वाक्यात सांगायचं तर सरकारच्या हाताबद्दलचा संशय. केन्सनं १९१३ साली हिंदुस्थानच्या चलनव्यवस्थेवर पुस्तक लिहिलं आणि इथल्या व्यवस्थेची वाखाणणी केली. देशात रुपया चालवायचा आणि परदेशी देण्यासाठी त्याचा पौंडाशी भाव सांभाळायचा, अशी ती व्यवस्था. बाबासाहेब म्हणतात, भाव सांभाळलात, पण रुपये किती पाडायचे याला लगाम कुठे आहे? बाहेर भाव स्थिर दिसतो आणि आत बाजारात रुपयाला धान्य कमी मिळतं. रुपयाची खरी किंमत म्हणजे त्याला बाजारात काय मिळतं ती. ती स्थिर नसेल तर लंडनचा भाव स्थिर ठेवून गरिबाला काय मिळालं?

कर्जाची बाजूही त्यात आहे. हिंदुस्थान सरकारला लंडनला दरवर्षी मोठी रक्कम पाठवावी लागे. कर्जाचं व्याज, रेल्वेची हमी, साहेबांची पेन्शनं. याला होम चार्जेस म्हणत. हे सगळं पौंडात. इथं मात्र कर गोळा होई रुपयात, आणि रुपया चांदीचा. १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला रुपयाला सुमारे दोन शिलिंग मिळत. म्हणजे एक पौंड भागवायला दहा रुपये. १८९३ च्या आसपास रुपया सव्वा शिलिंगावर आला. तोच पौंड, आता सोळा रुपये! कर्ज एका पैनं वाढलं नाही, आणि शेतकऱ्याच्या पाठीवरचा बोजा दीडपटीच्या वर गेला. मूळ दुखणं हे : कर्ज दुसऱ्याच्या चलनात आणि कमाई आपल्या.

आता जरा लांब जाऊ या, पश्चिम आफ्रिकेत, घाना देशात. तिथल्या चलनाचं नाव सेडी. हा शब्द कवडीसाठीच्या तिथल्या शब्दावरून आलाय. एके काळी तिथे कवड्या चलनात होत्या, आणि त्या मालदीवहून, आपल्याच समुद्रातून जात. आपण कवडीमोल म्हणतो, त्यांनी नोटेला कवडीचं नाव दिलं.

घानानं २००७ पासून परदेशी बाजारात डॉलरमधले रोखे विकून कर्ज उचललं. देशात सोनं आहे, कोको आहे, तेलही सापडलं; देणारे खूश होते. २०२२ च्या सुरुवातीला एका डॉलरला साधारण सहा सेडी लागत. नोव्हेंबरात तेरा ओलांडले. आपलं मघाचं गणित लावा : शंभर डॉलरचं देणं सहाशे सेडीचं होतं, ते तेराशेचं झालं. पौंड-रुपयाच्या त्या गोष्टीला वीस वर्षं लागली, इथे वर्षही लागलं नाही. डिसेंबरात सरकारनं बहुतेक परदेशी कर्जाची फेड थांबवली. पुढं मे २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनं तीन अब्ज डॉलरचं साहाय्य मंजूर केलं.

आणि लगामाचं काय? घानाच्या कायद्यात लगाम होता. मध्यवर्ती बँकेनं सरकारला आदल्या वर्षीच्या महसुलाच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त उसनं द्यायचं नाही. २०२२ मध्ये ती मर्यादा कुठल्या कुठे मागे पडली. पुढे कर्जाची फेररचना झाली तेव्हा त्याच बँकेला त्या वर्षासाठी सुमारे ६० अब्ज सेडींचा तोटा दाखवावा लागला. आपण हसू नये. आपल्याकडेही १९५५ ते १९९७ सरकारला पैसे कमी पडले की तात्पुरत्या हुंड्या काढून रिझर्व्ह बँकेकडून आपोआप पैसा मिळत होता. आणि १९९१ ला सोनं गहाण पडलं, ते याच मुंबईतून विमानानं गेलं.

इथे माझी पुस्तकावरची पहिली टीका. बाबासाहेबांचा उपाय कायद्यानं घातलेल्या मर्यादेवर आणि सोन्यावर उभा आहे. पण मर्यादा पाळायची कुणी? तर जो कर्जबाजारी आहे त्यानंच. सावकार दारात उभा राहिला की मर्यादेचं कलम दुरुस्त करायला एक रात्र पुरते. सोन्याचंही तसंच : १९३१ ला खुद्द इंग्लंडनं सोनं सोडलं. घाना तर आफ्रिकेतल्या सर्वांत मोठ्या सोने-उत्पादकांपैकी एक, पण जमिनीखालच्या सोन्यानं सेडी वाचला नाही. नाणं कशाचं आहे यापेक्षा कर्ज कुणी, कशासाठी, कुणाला विचारून काढलं हा प्रश्न मोठा ठरतो. त्याबद्दल हे पुस्तक तितकं बोलत नाही.

पण ज्या ठिकाणी ते आणि त्यांची आयोगापुढची साक्ष बोलते, तिथे मला त्यांच्याइतकं सरळ बोललेलं दुसरं कुणी दिसत नाही. तेवढं सांगतो.

१९२५ साल. मुंबईच्या गिरणी मालकांनी मजुरीत साडेअकरा टक्के कपात जाहीर केली. सप्टेंबरात संप सुरू झाला, सुमारे दीड लाख कामगार बाहेर. डिसेंबरच्या सुरुवातीला सरकारनं कापडावरचा साडेतीन टक्के अबकारी कर स्थगित केला, मालकांनी कपात मागे घेतली. कामगार जिंकले. आणि त्याच महिन्यात, १५ डिसेंबरला, बाबासाहेब चलन आयोगापुढे साक्ष देत होते.

तेव्हा वाद हा होता : रुपया १ शिलिंग ४ पेन्सचा करायचा की १ शिलिंग ६ पेन्सचा? मालक आणि निर्यातदार म्हणत, ४ पेन्स. रुपया हलका असला की आपला माल बाहेर स्वस्त पडतो. आयोगात सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी याच बाजूनं वेगळं मत नोंदवलं. राष्ट्रीय चळवळीतलं बहुतेक मत याच बाजूचं. त्या गर्दीत बाबासाहेब विचारतात : हा फायदा येतो कुठून? परदेशातून नाही येत. रुपया हलका झाला की इथे भाव चढतात, मजुरी मागे राहते, आणि मधला फरक मालकाच्या खिशात जातो. हा देशाचा नफा नव्हे, देशातल्या एका वर्गानं दुसऱ्याकडून घेतलेला आहे. म्हणून जुन्या ४ पेन्सकडे परत जायला ते तयार नव्हते, कल ६ पेन्सकडे होता.

आता दोन्ही गोष्टी शेजारी ठेवा. साडेअकरा टक्क्यांची कपात पगाराच्या दिवशी हातात दिसते, म्हणून साचे थांबले. रुपया हलका करून केलेली कपात कुठल्याच नोटिशीवर लागत नाही. घानात डिसेंबर २०२२ मध्ये महागाई ५४ टक्क्यांवर होती. पगार तोच राहिला असेल तर त्याची खरेदी जवळपास पस्तीस टक्क्यांनी घटली. साडेअकराच्या तिप्पट! सरकारनं देशातले रोखे बदलून घ्या म्हटलं, व्याज कमी, मुदत लांब, तेव्हा पेन्शनर मंडळी अर्थमंत्रालयाबाहेर फलक घेऊन उभी राहिली. त्यांत देशाच्या माजी सरन्यायाधीश सोफिया अकुफोही होत्या. संघटनांनी संपाचा इशारा दिल्यावर पेन्शन फंडांना त्यातून आधीच वगळावं लागलं होतं. दिसणारी कपात अडवता आली. न दिसणाऱ्या कपातीविरुद्धही अक्रात मोर्चे निघाले, दुकानं बंद राहिली. पण वगळावं कुणाला आणि कशातून?

दुसरी टीकाही करतो, नाहीतर ही आरती होईल. जड रुपयानं मजुरीची किंमत टिकते हे बरोबर, पण नोकरी टिकते का? १९२७ ला ६ पेन्सचा भाव कायद्यानं पक्का झाला. बाहेरचं, विशेषतः जपानी, कापड स्वस्तात येत होतं. मालकांनी एका कामगारावर जास्त साचे टाकायला सुरुवात केली आणि १९२८ मध्ये सहा महिन्यांचा संप झाला. याचं सगळं खापर दोन पेन्सवर फोडणं चूक आहे, मालक तसं फोडत होते. पण त्यांचं म्हणणं सर्वस्वी खोटंही नव्हतं. गिरणी बंद पडली तर तिथल्या मजुरीची खरेदीशक्ती कुणी मोजायची? १९८२ पाहिलेल्या माणसांना हे मी सांगायला नको. साक्षीत वाटणीचा प्रश्न लख्ख दिसतो, बेकारीचा तितका दिसत नाही.

मघाशी खाली एक काका म्हणाले, ‘‘तुम्ही लोक रुपया पडला की ओरडता आणि चढला तरी ओरडता.’’ काका, बरोबर आहे. फक्त दोन्ही वेळा ओरडणारी माणसं वेगळी असतात, ती कोण हे बघायचं.

पुस्तक वाचायचं असेल तर शासनानं काढलेल्या बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या सहाव्या खंडात आहे. आकड्यांचे तक्ते सुरुवातीला ओलांडून गेलात तरी चालेल. टांकसाळ बंद होण्याआधीचं, चांदी घसरतानाचं प्रकरण मात्र सोडू नका. १९४७ ला मुंबईत याची नवी आवृत्ती निघाली, पहिला खंड म्हणून. १९२३ नंतरचा इतिहास दुसऱ्या खंडात येणार होता. तो खंड आला नाही. त्या वर्षांत त्यांच्यावर दुसरी कामं आली, ती आपल्याला ठाऊक आहेत.

चला, चहा आलाय वाटतं. तोवर प्रश्न घेऊ या.