नावाची वीट

यरुशलेमच्या हर्त्झल टेकडीवरील राष्ट्रीय स्मरणगृह २०१७ साली उघडले. दिल्लीत इंडिया गेटजवळचे राष्ट्रीय युद्ध स्मारक २५ फेब्रुवारी २०१९ रोजी उघडले. जन्मभूमी आणि मायभूमी अशा दोन देशांचे आपण असल्याने ही दोन स्मारके शेजारी ठेवून पाहणे आपल्याला सोडवत नाही. गंमत अशी की, दोन्हीकडच्या वास्तुशिल्पींना एकच गोष्ट सुचली: प्रत्येक सैनिकाच्या नावाची एक वीट.

इथल्या भिंतीत तेवीस हजारांहून अधिक विटा आहेत. विटेवर नाव आणि मृत्यूची तारीख एवढेच. हुद्दा नाही. त्या माणसाचा स्मरणदिन आला की त्याच्या विटेपाशी दिवा लागतो. वरचे विटांचे लाटेसारखे छत लोक मान वर करून पाहतात, फोटो काढतात; मला ते जरा जास्तच देखणे वाटते. या वास्तूचे खरे काम खालची भिंत करते. आपण घरी आईवडिलांच्या तारखेला दिवा लावून कद्दिश म्हणतो, तीच रीत सरकारने तिथे उचलली आहे. त्या भिंतीत आपल्या समाजाच्याही मुलांची नावे आहेत. त्यांच्या आईबापांना वर्षाचा तो एक दिवस वेगळा मिळतो, सगळ्यांच्या गर्दीतला नव्हे.

दिल्लीच्या त्यागचक्रात पंचवीस हजारांहून अधिक नावे ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरांत आहेत, हुद्द्यासकट. ते फौजी शिस्तीला धरून आहे. पण स्वतंत्र भारताला आपल्या जवानांची नावे एका ठिकाणी लिहायला ७० वर्षे लागली, हे खटकते. १९७२ पासून इंडिया गेटखाली अमर जवान ज्योत होती: उलटी बंदूक, तिच्यावर शिरस्त्राण, नाव कोणाचेच नाही. आणि ल्युटेन्सच्या त्या कमानीवर कोरलेली तेरा हजारांवर नावे पहिल्या महायुद्धाची आणि सरहद्दीवरच्या लढायांची, म्हणजे इंग्रजांच्या फौजेतली. तीही इतकी उंचावर की खालून वाचता येत नाहीत.

तरी ती नावे आहेत. इराकमध्ये बसऱ्याला १९२९ साली इंग्रजांनी जे स्मारक उभारले, तिथे मेसोपोटेमियात मेलेल्या गोऱ्या शिपायाचे नाव कोरले, हिंदी अधिकाऱ्याचेही कोरले, पण हिंदी शिपायांचा पलटणीगणिक नुसता आकडा दिला. या मोहिमेत मराठा पलटणीही लढल्या होत्या. कोकणातून, घाटावरून गेलेली ती माणसे भिंतीवर बेरीज होऊन राहिली. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ च्या अहवालात कबूल केले की, हिंदी, आफ्रिकी, इजिप्शियन अशा ४५ ते ५४ हजार जणांचे स्मरण बरोबरीने झाले नाही. माफी मागितली. शंभर वर्षांनी माफी ऐकायला त्या शिपायांच्या बायकापोरांपैकी कोण उरले?

मुंबई लष्करात एके काळी आपले बेने इस्राएल सुभेदार, जमादार पुष्कळ होते. पण आपल्या जुन्या आठवणीत राहिले आहेत ते परत आलेले. सामाजी हसाजी दिवेकर टिपूच्या कैदेतून सुटले आणि त्यांनी १७९६ साली मांडवीला आपली पहिली मशीद बांधली. सॅम्युएल स्ट्रीट हे नावही त्यांच्यामुळेच. जे परत आले नाहीत त्यांनी काहीच बांधले नाही.

मौनाबद्दलही थोडे. मुंबईत ३० जानेवारीला ११ वाजता भोंगा व्हायचा आणि दोन मिनिटे उभे राहायचे, ते पुष्कळांना आठवत असेल. इथे योम हाझिकारोनला तसाच ११ वाजता, तशीच दोन मिनिटे. दोन्हीचे मूळ १९१९ च्या लंडनमध्ये. फरक इतकाच की मुंबईत मौन शाळा-कचेऱ्यांपुरते असे, बाहेर रस्त्यावरची रहदारी फारशी थांबत नसे. इथे बस हमरस्त्यावर थांबते आणि ड्रायव्हरही खाली उतरतो. आणि त्याच संध्याकाळी स्वातंत्र्यदिनाचे फटाके सुरू होतात. ही जुळणी मुद्दाम केलेली आहे आणि तिच्यामागचे कारणही सर्वांना पटते. पण शेजारच्या घरात सकाळी कब्रस्तानातून आलेली बाई बसलेली असते, तिला ते फटाके ऐकावे लागतात.