चिरेखाणीची भिंत

रत्नागिरीहून पावसकडे जाताना सड्यावर एक बंद पडलेली चिरेखाण आहे. खाली उतरलं की नजर आधी मशीनवरच जाते. तरी मी म्हणेन, सुरुवात भिंतीपासून करावी, आणि ती वरून खाली वाचावी. खाण खाली खाली जाते, म्हणजे सगळ्यात जुनं काम सगळ्यात वर.

वरच्या चार-पाच थरांवर टिकावाचे घाव आहेत, तिरपे, वाऱ्यावरच्या सरीसारखे. मध्येच हातभर जागेत त्यांचा कल उलटा होतो. कोणी डावरा होता, की खांदा भरून आला म्हणून हात बदलला? मला दुसरं पटतं, कारण पुढे कल पुन्हा पहिल्यासारखा होतो. त्याखाली एकदम अक्षरच बदलतं: गोल पात्याचे कमानदार ओरखडे, एकासारखा एक. इथे मशीन आलं. काम सुबक, पण कोण कधी दमलं ते यातून कळत नाही.

ते मशीनच्या अंगावर शोधावं. रुळांवर सरकणारी लोखंडी चौकट आणि एक उभं पातं, एवढंच उरलंय. मोटर गेलेली. पात्याच्या दातांची कडक टोकंही कोणीतरी काढून नेली, त्यामुळे तोंडाचं पार बोळकं झालंय. चौकटीच्या एका कोपऱ्यात वेल्डिंगची तीन ठिगळं एकावर एक आहेत. कातळात कडक गाठ लागली की हिसका तिथेच बसत असणार.

आता रंग बघा. पावसाने खडकातली सिलिका युगानुयुगं धुऊन नेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं, तो हा जांभा. फ्रान्सिस बुकाननने मलबारात पाहिलं, की हा दगड ताजा असताना कापता येतो आणि उघड्यावर कडक होतो. 1807 साली त्याने लॅटिनमधल्या विटेवरून त्याला 'लॅटेराइट' म्हटलं. त्याची लाली लोहाच्या गंजाचीच. मशीनवर काही पावसाळे गेले आणि तेही त्याच रंगाला आलं. रूळ कुठे संपतो आणि कातळ कुठे लागतो, ते बोटाने चाचपावं लागतं.

जर्मनीत गोल्पा-नॉर्डच्या जुन्या कोळसा खाणीतली पाच अजस्र यंत्रं राखून 'फेरोपोलिस' नावाचं संग्रहालय केलंय. थक्क व्हायचं तर तिकडे जावं. आपलं हे मशीन बेताचं, वाकून बघता येतं.

वाकलंच आहात तर पायाखालीही बघा. तळावर 14 बाय 9 इंचांच्या चौकटी आखल्यासारख्या दिसतात. उभं पातं लांबीला फिरलं, रुंदीला फिरलं; मग चिरा सुटायला खालून आडवं पातं फिरावं लागतं, ते फिरलंच नाही. चारी बाजूंनी कापलेले चिरे अजून कातळाला धरून आहेत. श्रावणात त्या रेघांमध्ये पाणी साठतं, चिमूटभर माती धरते, आणि सीतेची आसवं जांभळी फुलतात, अगदी सुतात.