अन्वस्ताकार : संज्ञा आणि कसोटी

अन्वस्त (पॅराबोला) या वक्राविषयीच्या लेखनात कमानी, झुलते पूल आणि तबकड्या एकाच यादीत घालण्याचा प्रघात दिसतो. ही मांडणी तपासून पाहावयास हवी. स्वतःच्या भाराने लोंबणारी साखळी अन्वस्ताकार नसते. पुलाचा भार आडव्या अंतरावर समान विभागला गेला, तरच दोर त्या आकाराजवळ येतो. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथील फराहबागेच्या टोकदार कमानींनाही ही संज्ञा लागू पडत नाही, कारण अन्वस्ताच्या शिरोबिंदूशी टोक नसते.

खरी कसोटी नाभीची आहे. अक्षास समांतर येणारे किरण परावर्तित होऊन नाभीत एकवटतात. शिर्डीच्या श्री साईबाबा संस्थानात २००९ मध्ये ७३ शेफलर तबकड्यांची सौरवाफ यंत्रणा याच तत्त्वावर अन्न शिजविण्यासाठी उभी राहिली. ही तबकडी अन्वस्तजाच्या मध्याचा नव्हे, तर बाजूचा छेद असते. ऋतूनुसार तिचा वक्र किंचित बदलतात, म्हणून नाभी स्थिर राहते. पुणे जिल्ह्यातील खोडद परिसरात रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांना मात्र तारेची जाळी पुरते, कारण रेडिओ लहरींची लांबी जाळीच्या छिद्रांहून पुष्कळ मोठी असते.

समीकरण एकच, पृष्ठभागाची गरज प्रयोजनानुसार भिन्न. केवळ आलेखावर थांबणारे अध्यापन हा भेद दाखवू शकत नाही. विद्यार्थ्याने आकाराचे नाव घेण्यापूर्वी नाभी कोठे आहे व ती कोणते कार्य करते, हे विचारावे.